बॅरिकेड कोणी सरकवलं?

गुरुपौर्णिमेला तुम्ही तिघे विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माझ्या घरी आलात, पाया पडलात, पेढ्यांचा पुडा ठेवलात आणि मग तासभर भांडलात. गाडीतला नकाशा चांगला की फोनवरचा, यावर. मी त्या तासात एक शब्द बोलले नाही, कारण भांडण सुरू व्हायच्या आधी, अंधेरीच्या, तू जे सांगितलंस ते माझ्या घशात अडकून बसलं होतं. आदल्या आठवड्यात अंधेरी सबवेच्या तोंडाशी लावलेलं बॅरिकेड तू खाली उतरून हाताने बाजूला सरकवलंस आणि गाडी आत घातलीस. का, तर पडद्यावरची निळी रेघ सरळ सबवेतून जात होती. मागच्या सीटवर तुझी आई होती. हे तू हसत हसत सांगितलंस आणि बाकीचे दोघेही हसले. तुझ्याबरोबर आलेली आई तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती हसत नव्हती. तू तिच्याकडे पाहिलं नाहीस, मी पाहिलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहिते आहे. तिघांनीही वाचायचं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. राग आला तर येऊ दे. चौतीस वर्षं मी भूगोल शिकवला, आणि माझे विद्यार्थी रस्त्यावर लावलेली धोक्याची खूण हाताने बाजूला करतात हे मला सत्तरीत कळावं, याचं मला दुःख झालं आहे.

तू चहा पीत बाहेर बसला होतास तेव्हा तुझ्या आईने मला काय सांगितलं ते ऐक. तिचं माहेर नागरदास रोडचं. सबवे तिच्या घरापासून पाच मिनिटांवर. पावसाळ्यात तो भरतो, शेजारचा मोगरा नाला फुगला की पाण्याला जायला जागा उरत नाही आणि ते उताराने सबवेत उतरतं, हे तिने शाळेत जाण्याआधीपासून पाहिलेलं आहे. तिने तुला सांगितलं होतं, "अरे, आत पाणी असेल, गोखले पुलावरून जाऊ." तू काय म्हणालास? "आई, मॅप दाखवतोय ना." मग ती गप्प बसली. मुलाने चारचाकी घेतली, मुलाला जास्त कळतं, असं मानून गप्प बसली. बंपरला पाणी लागल्यावर तू गाडी मागे घेतलीस, इंजिन बंद पडलं नाही, म्हणून तुझी ती गमतीची गोष्ट झाली. पन्नास वर्षं जिने तो सबवे भरताना पाहिला ती बाई गाडीत होती, आणि तू पडद्याला विचारलंस.

आता हिशेब कर. तुझ्या दाराची रुंदी साधारण एक मीटर धर. बाहेर अर्धा मीटर पाणी चढलं आणि आत अजून शिरलं नाही, तर त्या दारावर सव्वाशे किलोच्या आसपास दाब येतो. तू आतून ते ढकलणार आहेस? तुझ्या आईच्या बाजूचं दार ती ढकलणार आहे? काचा विजेवर चालतात, पाणी शिरलं की त्या कधी थांबतील याचा भरवसा नाही. फूटभर पाण्यात लहान गाडी हलकी होऊन तरंगू लागते, दोन फुटांत मोठीचीही तीच गत. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या सबवेत पाण्यात अडकलेल्या गाडीत दोन माणसं गेली. गाडी तुझ्या गाडीपेक्षा मोठी आणि उंच होती. मालाड तुझ्या घरापासून किती लांब आहे? पश्चिम रेल्वेवर मध्ये फक्त काही स्टेशनं.

गोखले पुलाचं तर मला विशेष वाईट वाटलं. अंधेरी स्टेशनच्या उत्तरेला सबवे आणि दक्षिणेला गोखले पूल, हे तुझ्या स्वतःच्या गावाचं इतकं साधं चित्र. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्या पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ ला पाडकामासाठी पूल पूर्ण बंद झाला. पंधरा महिन्यांहून जास्त काळ अंधेरीची पूर्व आणि पश्चिम एकमेकींपासून तुटल्यासारखी झाली. रिक्षावाल्यांनी, शाळेच्या बसवाल्यांनी, दूधवाल्यांनी रोज वळसे घातले. २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली, तर तिची उंची शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळेना. ते जुळायला आणखी काही महिने गेले, आणि दोन्ही बाजू खुल्या व्हायला मे २०२५ उजाडला. इतकी वर्षं लोकांनी ज्या पुलाची वाट पाहिली तो पूल खुला असताना तू बुडालेल्या सबवेत उतरलास. दहा मिनिटं वाचवायला.

त्या पडद्यावर रेघ का दिसत होती हे तुला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. फोनवरच्या नकाशाला रस्ता दिसत नाही. त्याला फोन दिसतात. रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो लोकांचे फोन आपला वेग कळवत राहतात, त्यावरून तो ठरवतो की कुठे तुंबलं आहे आणि कुठे मोकळं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जगासमोर आलेल्या एका प्रयोगात बर्लिनच्या एका कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि ती रिकाम्या रस्त्याने ओढत नेली. गुगलच्या नकाशावर तो रस्ता लाल झाला. तिथे मोटारी नव्हत्या, फक्त सावकाश चालणारे फोन होते. आता उलट बाजू बघ. सबवे बंद केला, आत एकही गाडी नाही, म्हणजे आत एकही फोन नाही. पोलिसांनी किंवा दुसऱ्या कोणी बंद झाल्याचं कळवेपर्यंत, आणि ते नकाशावर चढेपर्यंत, त्यामागचा संगणक त्या वाराच्या त्या वेळेच्या जुन्या सरासरीवर चालतो. पाणी किती आहे हे सांगणारा एकही काटा त्याच्याकडे नाही. बॅरिकेड मात्र पाणी बघून लावलेलं असतं. पावसात उभ्या राहिलेल्या एका माणसाने ते लावलं, आणि तू त्याला खोटं ठरवलंस.

आता घाटकोपरच्या तुझ्याकडे वळते. तू जास्त शहाणपण करत होतास. "माझ्या गाडीत बिल्ट-इन आहे बाई, फोनवाल्यांसारखं नाही." मी तुझ्याकडून गाडीचं माहितीपुस्तक मागून घेतलं, आठवतं? त्याचं प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा फाटलेलं नव्हतं. तीन वर्षं झाली गाडी घेऊन. नकाशा कधी अद्ययावत केलास विचारलं तर म्हणालास, ते आपोआप होत असेल. ते आपोआप झालेलं नव्हतं. म्हणून तू असल्फ्याहून एलबीएस मार्गाने विक्रोळीपर्यंत आलास, आणि तिथून समोर दिसणाऱ्या नव्या पुलाने पूर्वेला यायचं सोडून गांधीनगरला वळसा घालून द्रुतगती महामार्गाने परत खाली आलास. विक्रोळीचा तो पूल जून २०२५ मध्ये सुरू झाला. आम्ही कन्नमवार नगरवाले त्याची किती वर्षं वाट पाहत होतो हे विचारायला तुला माझ्या मजल्यावरचं कोणतंही दार चाललं असतं. तुझ्या गाडीच्या लेखी तो पूल अजून जन्मलेलाच नाही. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. २०२२ च्या आधी भरलेल्या नकाशाने गोखले पूल बंद होता त्या काळात तुला त्याच्या तोंडाशी नेऊन उभं केलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पाडकामासाठी बंद झालेल्या शीवच्या रेल्वे पुलावर त्याने तुला बंद झाल्यानंतरही चढवायला बघितलं असतं. घाटकोपर-मुलुंडकडून दादर-धारावीकडे जाणाऱ्याला हे माहीत नसतं तर त्याचा अर्धा दिवस गेला असता.

तरी तुझ्या यंत्राची जी खरी ताकद आहे ती तुला सांगता आली नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. तू फक्त "मोठा स्क्रीन आहे" म्हणालास. ऐक. ज्या गाडीत खरोखरचं बसवलेलं नेव्हिगेशन असतं, तिला चाकं किती फिरली हे कळतं आणि गाडी किती अंशांनी वळली हेही कळतं. उपग्रह दिसेनासा झाला तरी ती मागच्या ठिकाणापासून मोजत मोजत पुढे जाते. ही युक्ती उपग्रहांच्याही आधीची आहे. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये एका गाडीत असं यंत्र दिलं होतं, त्यात पारदर्शक फिल्मवरचा नकाशा होता आणि दिशा ओळखायला वायूवर चालणारा जायरोस्कोप. त्या यंत्राचा उपग्रहाशी काडीचा संबंध नव्हता. शिवाय अशा गाडीची अँटेना पुष्कळदा छतावर, उघड्या आकाशाखाली असते. फोन असतो काचेआड, कपहोल्डरमध्ये, नाहीतर मांडीवर. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर वर मेट्रोचा मार्ग आहे, दोन्ही बाजूंना इमारती आहेत, उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि फोनचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावर तुम्ही पुलावर आहात की खालच्या सर्व्हिस रोडवर, हे फोनला पुष्कळदा कळत नाही, कारण दोन्ही रस्ते एकमेकांना चिकटून जातात आणि चूक काही मीटरचीच असते. पुलावर चढायचं की नाही हे सांगण्याची सोय गुगलने भारतात २०२४ मध्ये आणली. ती आल्यावरही आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे डोळ्यांनी बघायचं काम तुमचंच राहतं.

आणि एक गोष्ट तुम्हा तिघांनाही ठाऊक नव्हती. ज्याला तुम्ही बिल्ट-इन म्हणता ते पुष्कळ गाड्यांत बिल्ट-इन नसतंच. गाडीत असतो फक्त पडदा. त्यावर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले लावून फोनचाच नकाशा मोठा करून दाखवलेला असतो. काही गाड्या आपल्या अँटेनावरचं ठिकाण फोनला पुरवतात, काही पुरवत नाहीत. अंधेरीच्या तुझ्या गाडीत नेमकं हेच आहे. म्हणजे तू तासभर गाडीच्या बाजूने भांडत होतास आणि वापरत होतास फोन. मॅपमायइंडिया ही कंपनी १९९५ मध्ये दिल्लीत सुरू झाली, तिने गल्लीबोळांत माणसं पाठवून नकाशे बनवले आणि आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांच्या आत आज तिचे नकाशे आहेत. गुगलचा नकाशा फेब्रुवारी २००५ चा. आपल्या गाडीत यातला कोणता आहे, तो कुठे साठवलेला आहे, नेट गेलं तर तो चालेल का, हे तीन प्रश्न गाडी घेतानाच विक्रेत्याला विचारायचे असतात. तुम्ही सीट कव्हरचा रंग विचारलात.

बोरिवलीवाल्या, तू सुटलास असं समजू नकोस. तू सगळ्यात उशिरा आलास, कारण फोनने तुला विक्रोळीतल्या एका चाळीच्या बोळात घातलं आणि तिथून गाडी मागे काढायला दोन मुलांनी तुला मदत केली. तुझा फोन हरवला नव्हता. तू मोटारसायकल विकून गाडी घेतलीस आणि नकाशात दुचाकीची निवड तशीच ठेवलीस. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने दुचाकीस्वारांसाठी ही सोय सर्वात आधी भारतात आणली, ती गल्ल्यांतून काढणारे जवळचे रस्ते दाखवण्यासाठीच. यंत्राने तुझं म्हणणं तंतोतंत पाळलं, तू काय सांगितलंस ते तूच वाचलं नव्हतंस. ज्या मुलांनी गाडी काढून दिली त्यांना तू धन्यवाद म्हणालास का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. आज विचारते.

आणि चालत्या गाडीत पत्ता टाइप करणं. ते तिघेही करता, कबूल केलंत. १ ऑक्टोबर २०२० पासूनचा नियम काय सांगतो? गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग शोधायला वापरता येईल, आणि तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. एका हाताने चकाल्याचं स्पेलिंग शोधत, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर डंपरच्या मागे जाणं या नियमात कुठे बसतं? पत्ता घरातून निघण्याआधी टाकायचा. विसरलात तर गाडी बाजूला घ्यायची. दोन मिनिटं जातील. जाऊ द्यात.

कोण चांगलं, या तुमच्या भांडणाचं माझं उत्तर हवं असेल तर घ्या. गाडीला आपण आत्ता कुठे आहोत हे चांगलं कळतं. फोनला पुढे काय चाललं आहे हे चांगलं कळतं. उपनगरांत रस्ते महिन्या-महिन्याला बदलतात, मेट्रोचं काम, पुलाचं काम, खोदलेला रस्ता, म्हणून रोजच्या वापराला मी फोनचा नकाशा घेईन, पण तो काचेवर घट्ट बसवलेला, आवाज चालू असलेला. घाटात, बोगद्यात, नेट नसलेल्या कोकणातल्या रस्त्यावर गाडीतला, अद्ययावत केलेला. उन्हात काचेवर तापून फोन बंद पडतो, आणि फोन आला की नकाशा झाकला जातो, हे लक्षात ठेवून. एवढ्यावर तासभर भांडण्यासारखं काही नाही.

भांडण्यासारखं आहे ते दुसरं. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले तिघे रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यात कोतूळ-अकोले रस्त्यावर फोनच्या नकाशावर विसंबून पुढे गेले आणि गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. त्या दिवसांत तो पूल पाण्याखाली असतो, हे त्या गावांतल्या कोणालाही ठाऊक होतं. दोघे पोहून बाहेर आले, चालवणारा बुडाला. ते परक्या मुलखात होते, रात्र होती. तू तुझ्या अंधेरीत होतास, दिव्यांखाली, समोर बॅरिकेड आणि मागे आई. त्यांच्या चुकीला निदान अंधार होता. तुझ्या चुकीला काय होतं?

तुम्हाला तुमचं उपनगर माहीत नाही, हे माझं खरं दुःख आहे. त्या दिवशी मी सहज विचारलं, बोरिवलीहून मुलुंडला कसं जाल? तिघांनीही फोनला हात घातला. सरळ रेषेत बारा किलोमीटर, पण मध्ये राष्ट्रीय उद्यान आहे, तुळशी आणि विहार तलाव आहेत, डोंगर आहे. म्हणून एक तर खाली जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यापर्यंत यायचं, नाहीतर वर घोडबंदरवरून ठाण्याला वळसा घालायचा. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे त्या डोंगराखालून व्हायचे आहेत. आपल्या उपनगरांचे मोठे रस्ते उत्तर-दक्षिण का धावतात? कारण रूळ तसे आहेत, डोंगर तसा आहे. पूर्व-पश्चिम जायला मोजक्याच जागा. प्रत्येक पूल, प्रत्येक सबवे म्हणजे एक दार. ही दारं ज्याला पाठ आहेत तो पावसात अडकत नाही. पार्ल्याचा कॅप्टन विनायक गोरे पूल वेगळा आणि राम मंदिरजवळचा मृणालताई गोरे उड्डाणपूल वेगळा, हे ज्याला माहीत नाही तो फोनमध्ये नुसतं "गोरे पूल" टाकून भलतीकडे पोहोचेल. एसव्ही रोडला जुनी माणसं घोडबंदर रोड म्हणतात, एलबीएसला आग्रा रोड. म्हातारा माणूस वाट सांगताना हीच नावं घेतो. ती कळत नसतील तर त्याने सांगितलेली वाट तुम्हाला कळणार नाही.

उद्या घरात कोणाच्या छातीत दुखलं, १०८ ला फोन लावला, आणि पलीकडून पत्ता विचारला, तर काय सांगाल? "लोकेशन पाठवतो"? इमारतीचं नाव, कोणत्या नाक्यावरून वळायचं, पूर्व की पश्चिम, रूळ ओलांडायचे की नाही, हे एका दमात सांगता येतं का तुम्हाला? मी तिघांना विचारलं होतं. एकालाही नीट आलं नाही. ज्या मुलांना मी स्थलनिर्देशक नकाशे वाचायला शिकवलं, समोच्च रेषा बोटाने फिरवून उतार दाखवला, त्यांना स्वतःच्या घराचा उतार कुठल्या बाजूला आहे हे सांगता येत नाही. पाणी उताराकडे जातं. सबवे सगळ्यात खोल असतो. यासाठी उपग्रह लागत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला तिघांनी यायचं. प्रत्येकाने एक कोरा कागद आणि पेन्सिल आणायची. फोन दाराशी टोपलीत ठेवायचे. आपापल्या भागाचा नकाशा मनाने काढायचा: आधी रूळ, मग नाले, मग उतार, मग पूर्व-पश्चिम ओलांडायच्या सगळ्या जागा, आणि पावसात त्यांतल्या कोणत्या बंद होतात. घाटकोपरवाल्याने त्याआधी गाडी विक्रेत्याकडे नेऊन नकाशा अद्ययावत करून यायचं. बोरिवलीवाल्याने त्या बोळातल्या मुलांना भेटून यायचं.

आणि तू, अंधेरीच्या. येताना आईला घेऊन ये. तिला मागे बसवायचं नाही, पुढे बसवायचं. रस्ता ती सांगेल, आणि ती थांब म्हणाली की थांबायचं.

दहाला. साडेदहाला आलास तर दार उघडणार नाही.